अप्पांना विरू दिसावा म्हणून

आमच्या घरात दिवा कुणीही लावावा, विझवायला अप्पा आहेतच. अप्पा म्हणजे माझे वडील, रेवणप्पा. वीज खात्यात लाइनमन होते, सारी हयात खांबावर चढउतार करण्यात गेली. दुसऱ्यांच्या घरात उजेड पोचवणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र एका बल्बवर तीन खोल्या भागवायला बघतो. मी न्हाणीघरात असताना बाहेरून दिवा बंद होणं हे तर रोजचंच. मी आतून ओरडले की उत्तर येतं, "आधी आवाज द्यायचा की. मला काय कळतंय आत कोण हाय ते."

याच सवयीने दिवाळीनंतर त्यांना आडवं केलं. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, तेही दिवा न लावता. जन्मभर खांबावर चढलेला माणूस दीड वितीच्या स्टुलावरून खाली आला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं, सळई बसली, घरात वॉकर आला. संक्रांत होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, गर्दीत तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

ऑपरेशनला जाताना नर्सची थट्टा करणारे अप्पा हे ऐकून एकदम हिरमुसले. कारण सोलापूरच्या माणसाला संक्रांत म्हणजे तिळगूळ नव्हे, संक्रांत म्हणजे गड्डा. सिद्धेश्वराची जत्रा आणि जत्रेतले नंदीध्वज. आम्ही त्यांना साधं काठ्या म्हणतो. चांगल्या दोन मजली घराच्या वर जाणाऱ्या त्या सजवलेल्या जड काठ्या, पांढरी बाराबंदी घातलेले गडी कमरेशी तोलून आळीपाळीने बाळीवेशीपासून संमती कट्ट्यापर्यंत चालवत नेतात. तिथे सिद्धेश्वरांचं लग्न लागतं आणि सारं सोलापूर अक्षता टाकतं.

अप्पांनी ती काठी वर्षानुवर्षं पेलली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सोडली. आणि या वर्षी पहिल्यांदा माझा धाकटा भाऊ विरुपाक्ष, आमचा विरू, काठी धरणार होता. महिनाभर तो रोज सरावाला जायचा. घरी आला की अप्पा पलंगावरून त्याची परीक्षा घ्यायचे. पाय किती अंतरावर टाकलास, श्वास कुठं सोडलास, मान खाली गेली का. विरू वॉकर उभा धरून करून दाखवायचा आणि अप्पा चुका काढायचे. त्यांना या जत्रेत दुसरं काही नको होतं. विरूने काठी उचललेली एकदा डोळ्यांनी बघायची, बस्स.

टीव्हीवर दाखवतात की, असं शेजारच्या शांतम्मा मावशी म्हणाल्या. दाखवतात खरं, पण अक्षता दाखवतात, मोठी मंडळी दाखवतात. वाटेत कुठल्याशा वळणावर एका नव्या पोराने थोडा वेळ काठी धरली, ते कोण दाखवणार? तेव्हा ठरलं ते असं: मी मिरवणुकीबरोबर चालायचं, माझ्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावायचा आणि अप्पांनी पलंगावर पडून त्यांच्या मोबाइलवर बघायचं. त्यांच्या मोबाइलला काय, भिंतीतल्या चार्जरची वायर जोडलेलीच असते. प्रश्न होता माझ्या मोबाइलचा, आणि तो साधासुधा नव्हता.

मी माया. शाळेच्या दाखल्यावर मायाक्का, आजीचं नाव. त्यावरून चिडवणाऱ्या पोरांशी मी मारामाऱ्या केलेल्या आहेत. आता एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. टॉवेलवरच्या मोराच्या डोळ्याची कड जरा ओबडधोबड आली तरी माझा दिवस वाईट जातो. त्यामुळे दिवाळीला मोबाइल घेतला तो कॅमेऱ्यासाठी नाही, आवाजासाठी नाही, निव्वळ पडद्यासाठी. घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये गेले आणि रिझोल्यूशन सगळ्यात वरचं केलं. काय दिसत होतं म्हणून सांगू. फोटोतल्या शेंगाचटणीतला तिखटाचा कण न् कण मोजून घ्यावा.

अप्पांना मात्र त्यात दिसली ती फक्त बॅटरी. सकाळी भरलेला मोबाइल संध्याकाळी मान टाकतो, याचा अर्थ त्यांच्या लेखी गळका नळ. मी आंघोळीला गेले की ते गुपचूप सेटिंग उघडून रिझोल्यूशन खाली आणायचे आणि वर पिवळट बॅटरी सेव्हर लावून ठेवायचे. मी बाहेर येऊन पुन्हा वर करायची. एकाने पाणी भरायचं, दुसऱ्याने सांडायचं, असा खेळ घरात दीड महिना चालला होता. विरू म्हणायचा, तुम्ही दोघं मिळून तो मोबाइल आधी मारणार.

अक्षतेच्या आदल्या संध्याकाळी मात्र खेळ राहिला नाही. अप्पांनी हात पुढे केला, मोबाइल मागितला आणि म्हणाले, उद्या दिवसभर चालायला पाहिजे, खाली आणतो. मी सरळ सांगितलं की रिझोल्यूशन खाली आणलं तर तुम्हालाही तसंच जाडंभरडं दिसेल. सगळे पांढऱ्या बाराबंदीत, सगळ्यांचं फेट्याखाली एवढंसं तोंड, त्यात विरू कुठला आणि दुसऱ्याचा पोरगा कुठला हे कसं ओळखणार? मग धुरकट काहीतरी बघून म्हणाल, दिसला विरू.

अप्पा विचारात पडले. त्यांनी मोबाइल उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "असू दे मग. बॅटरी गेली तर गेली. पोरगं नीट दिसू दे."

असं वाक्य आमच्या घरात याआधी कुणी ऐकलं नव्हतं. त्या रात्री चार्जर सकाळपर्यंत चालू राहिला आणि कुणी उठून बटण बंद केलं नाही.

खरं तर मला शहाणं करायचा प्रयत्न एकीने केला होता. आफरीन माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिच्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डबा खाताना तिला सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिचं म्हणणं, रिझोल्यूशन तुझ्या पडद्याचं, ते तुझ्या डोळ्यांसाठी. चाचांना दिसेल ते तुझ्या कॅमेऱ्यातून आणि नेटमधून जाईल, तुझा पडदा काळाकुट्ट असला तरी त्यांना काही फरक पडायचा नाही. वर पॉवर बँक देऊ केली. मी तोऱ्यात नको म्हटलं. डिझाइनचं काम मी करते, मला कोण शिकवणार? अशी माझी अक्कल.

अक्षतेच्या सकाळी बाळीवेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे पांढरी बाराबंदी. हलगी अशी कडाडत होती की छातीत वाजल्यासारखी वाटावी. कुणीतरी पुढून आरोळी दिली, "एकदा भक्तलिंग हर बोला हर," आणि सगळ्या गल्लीने ती झेलली. मी कॉल लावला. पडद्यावर आधी माझंच तोंड आलं, नेहमीप्रमाणे कॅमेरा फिरवला, काठ्या दिसायला लागल्या आणि पलीकडे अप्पांचा चेहरा उजळला. शेजारी शांतम्मा मावशी डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या.

मग सुरू झाली फर्माईश. जरा डावीकडं ने. शेंडा दाखव. तो लाल फेट्यातला कोण, मल्लूचा पोरगा का? त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. मीही हौसेने सगळं दाखवत होते, कारण माझ्या पडद्यावर काय दिसत होतं ते! काठीवरच्या फुलांची पाकळी न् पाकळी. ऊन वाढलं तसा पडद्याचा उजेडही पूर्ण वर नेला. मोबाइल तव्यासारखा तापला तरी मला भान नाही.

माणिक चौकात पोचेपर्यंत बॅटरी अर्ध्याच्या खाली आणि विरू अजून नुसताच काठीच्या मागे हात बांधून चालत होता. मी काठीच्या मास्तरांना गाठलं. कोणी कधी धरायचं हे तेच ठरवतात. विरू कधी, असं विचारलं तर म्हणाले, विजापूर वेस ओलांडल्यावर बघू. आणि मिरवणूक अशी चाललेली की मुंगीने पुढे जावं. थोड्या वेळाने बॅटरी लाल झाली. अप्पांना सकाळपासून सगळं सोलापूर दाखवून झालं होतं आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो एकटाच दाखवायचा राहिला होता.

कॉल तोडला. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि आफरीनचं बोलणं आठवलं. खरं असेल की नाही कोण जाणे, पण दुसरा इलाजच नव्हता. सेटिंग उघडलं. रिझोल्यूशन पार तळाला नेलं. उजेड शून्यावर. बॅटरी सेव्हर लावला, स्वतःच्या हाताने. अप्पांनी हे बघायला हवं होतं असं मनात आलं आणि त्या गडबडीतही हसू आलं. भर दुपारच्या उन्हात तो पडदा असा झाला की त्यात काय चाललंय ते देवाला ठाऊक. डोळ्यांजवळ नेऊन, वर हाताची ओंजळ धरून बघावं तेव्हा कुठे आकडे दिसत. म्हटलं, असू दे, मला नाही दिसलं तरी चालेल, त्यांना दिसलं पाहिजे.

विजापूर वेस मागे पडली आणि मास्तरांनी मान वळवून विरूकडे बोट केलं. मी अंदाजाने पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. शांतम्मा मावशींचा हॅलो कानावर आला, म्हणजे लागला. हात डोक्याच्या वर ताणून मोबाइल काठीसमोर धरला.

विरू पुढे झाला. त्याने देवाचं नाव घेतलं असावं, ओठ हलले. आधीच्या गड्याने भार सोडला आणि काठी विरूच्या कमरेवर आली. आली ती हललीच. वरचा शेंडा एका अंगाला कलला, लोकांतून एक आवाज उठला, माझा मोकळा हात आपोआप तोंडावर गेला. मास्तर दोन पावलं पुढे धावले. विरूने पाय रोवला. मान वर, नजर शेंड्यावर. मी बघत होते, तो श्वास सोडत होता, अगदी पलंगापाशी वॉकर धरून सोडायचा तसाच. शेंडा हळूहळू सरळ झाला. आणि मग माझा भाऊ चालला.

मला नीट सांगता येणार नाही मला काय झालं. मी हसत होते, रडत होते, विरू विरू म्हणून ओरडत होते. शेजारच्या कुठल्याशा बाईने विचारलं, तुझा कोण? भाऊ, म्हटलं, तर तिने माझ्या गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. आई हवी होती असं फार वाटलं. दर वर्षी ती याच रस्त्याच्या कडेला मला घेऊन उभी राहायची. हात दुखत होता पण मी मोबाइल खाली केला नाही. विरूने काठी पुढच्या गड्याकडे दिली तेव्हाच हात खाली घेतला. मोबाइल बंद पडला होता. केव्हा पडला ते कळलं नाही, पण मला खात्री होती की विरूचं चालणं त्याने दाखवलंय.

संमती कट्ट्यावर अक्षता टाकून मी घरी आले ती धावतच. विरू माझ्या आधी मित्राच्या गाडीवरून पोचला होता आणि घामाने भिजलेल्या बाराबंदीत अप्पांच्या पलंगापाशी उभा होता. अप्पा त्याला सांगत होते, "उचलताना हललास. मग सावरलास. आणि मग जो चाललास, लई झ्याक चाललास बघ."

"दिसलं तुम्हाला?" विरूने विचारलं.

"सगळं दिसलं की."

विरू वाकून पाया पडला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. विरू आंघोळीला गेला तशी मी पलंगावर बसले आणि माझी फुशारकी सुरू केली. बॅटरी कशी लाल झाली, मी रिझोल्यूशन कसं तळाला नेलं, तरी तुम्हाला कसं स्वच्छ दिसलं. शांतम्मा मावशी मघापासून पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी अप्पांना विचारलं, तोंड ओळखू आलं ना नीट?

"आलं की," अप्पा म्हणाले. "तुझंच होतं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. कॉल नव्याने लावला की कॅमेरा आपल्याच तोंडाकडे असतो, तो फिरवावा लागतो. सकाळी पडद्यावर दिसलं म्हणून फिरवला होता. दुपारी पडदा काळा, मला काय दिसतंय? काठीसमोर धरला होता तो मोबाइलचा पाठचा भाग. पुढचा कॅमेरा सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. शांतम्मा मावशींना आता आवरेना, त्या डोळे पुसून पुसून हसायला लागल्या.

मी अप्पांवरच चिडले. मग सांगायचं नाही का? कॉल तोडून परत लावायचा. "दोनदा वरडलो की," ते म्हणाले. "उलटा हाय, उलटा हाय म्हणून. त्या हलगीत कुणाला ऐकू येतंय? मग गप बसलो."

"मग काठी हलली, सावरली, हे कसं कळलं?"

"तू तोंडावर हात ठेवलास तवा हलली. हात काढलास तवा सावरली. आणि रडाया लागलीस तवा म्हटलं, चालला माझा पोरगा."

माझं सगळं अवसान गळालं. एक गोष्ट मागितली होती त्यांनी, एकच, आणि त्यासाठी दिवसभराचा माझा शहाणपणा शेवटी असा फळाला आला. मी तसं बोललेही. म्हटलं, अप्पा, तुम्हाला विरूला बघायचं होतं, मी माझं रडकं तोंड दाखवत बसले.

अप्पांनी माझा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. असं ते करत नाहीत.

"हितं ऐक, यव्वा. एवढी वर्षं मी काठी धरली. धरणाऱ्याची मान वर, डोळं शेंड्याला. तुझी आई वेशीच्या पुढं उभी असायची, तू तिच्या कडेवर. मी तिच्या अंगावरून जायचो, पण खाली बघता येत न्हाय. घरी आल्यावर ती म्हणायची, लई छान दिसलात. पण ती बघत होती तवा तिचं तोंड कसं होतं, ते मला एकदाबी दिसलं न्हाय. मी सगळ्यांला दिसलो, मला कोण बी न्हाय. आज दिसलं. तिचं बी असंच होत असणार."

मी त्यांच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला. शांतम्मा मावशी हसायच्या थांबल्या. विरू डोकं पुसत बाहेर आला, आमची तोंडं बघून घाबरला, कुणाला काय झालं म्हणाला. मावशींनी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने आधी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मग जो हसत सुटला तो शेंगापोळीचं ताट पुढ्यात येईपर्यंत.

संध्याकाळी विरूच्या मित्रांनी काढलेला व्हिडिओ आला. एकाने अगदी जवळून काढला होता, विरूच्या कपाळावरचा भस्माचा पट्टाही ओला झालेला दिसत होता. अप्पांनी माझा मोबाइल मागून घेतला, चार्जरला लावला आणि स्वतः सेटिंग उघडून रिझोल्यूशन सगळ्यात वर नेलं. मग त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. शेंडा कलला तेव्हा जिभेने चक् केलं, सावरला तेव्हा मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून लावला, पुन्हा पाहिला. विरू उशाशी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

कसा आहे, असं मी विचारलं. अप्पांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"चांगला हाय की. बारीकसारीक सगळं दिसतंय," ते म्हणाले. "पण दुपारचं जास्त चांगलं दिसलं."